हातभर वायर, कोसभर वाट

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा सांगून येत नाही. त्यामुळे पाण्याच्या दिवशी घरातला एक माणूस नळाकडे कान लावून झोपतो. आमच्या घरात तो मी. पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याने फोनवरच तोड काढली. "मामा, आर्डुइनो नॅनो घ्या, म्हणजे प्रोग्रॅम भरून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. दोन वायरी बादलीत सोडायच्या, एक बझर लावायचा. पाणी चढलं की वाजेल. प्रोग्रॅम मी पाठवतो, दहा ओळींचा आहे."

प्रोग्रॅम खरंच तेवढाच होता. कंपाइल केला, म्हणजे बोर्डाला कळेल अशा भाषेत बदलून घेतला, तर बोर्डावर उपलब्ध 30720 बाइटपैकी दोन-तीन टक्केच जागा लागली. कंपाइलरबद्दल माझी तक्रार नाही. अर्धविराम राहिला तर तो ओळीचा नंबर देऊन ओरडतो. (नंबर बऱ्याचदा खालच्या ओळीचा असतो, पण शेजारचं घर दाखवलं तरी पत्ता सापडतोच.) खरा छळ अपलोडचा, म्हणजे तो तयार प्रोग्रॅम टेबलावरच्याच बोर्डात ढकलण्याचा.

बोर्ड स्वस्तातला, त्याला लागते मिनी यूएसबी. मोबाइलची मायक्रो बसत नाही, टाइप-सी तर नाहीच. नवी पेठ पालथी घातली. एका दुकानदाराने माझ्याकडे दयेने बघत विचारलं, "काय करलालाव काका एवढ्या जुन्या वायरीचं?" शेवटी माळ्यावरच्या बंद पडलेल्या स्पीकरची वायर निघाली. ती लावताच बोर्डावर लाल दिवा लागला, दुसरा लुकलुकायला लागला. "झालं की! उगाच डोकं खाजवत बसलाव," बायको म्हणाली. तिला कसं सांगावं, की लुकलुकण्याचा प्रोग्रॅम बहुतेक वेळा कारखान्यातूनच भरून येतो? बोर्ड जिवंत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

संगणकाला मात्र बोर्ड दिसेना. यूएसबीच्या पोटात चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्पीकरला फक्त चार्जिंग हवं असतं, म्हणून करणाऱ्याने माहितीच्या दोन तारा वाचवल्या होत्या. वरून वायर तशीच गुबगुबीत. अशा वायरीवर लाल पट्टा मारायचा कायदा व्हायला हवा.

भाच्याने कुरिअरने चांगली वायर पाठवली. मग बोर्डावरच्या, यूएसबीचं बोलणं बोर्डापर्यंत पोहोचवणाऱ्या सीएच 340 नावाच्या चिपची ओळख संगणकाला पटावी म्हणून ड्रायव्हर टाकला, बोर्डाचा पोर्ट दिसला आणि मी अपलोड दाबलं. पडद्यावर ओळ आली: नॉट इन सिंक, म्हणजे बोर्डाशी सूर जुळत नाही, दहापैकी पहिला प्रयत्न. मग दुसरा, तिसरा... दहाही प्रयत्न तो एकच वाक्य न कंटाळता म्हणतो. ओळीचा नंबर नाही, कारण नाही, काही नाही.

भाच्याने जे समजावलं ते असं. बोर्डात बूटलोडर नावाचा, नवा प्रोग्रॅम आत घेणारा छोटा प्रोग्रॅम आधीच बसलेला असतो. बोर्ड रीसेट झाला की तो जेमतेम सेकंदभर वाट बघतो. भर उन्हाळ्याच्या दुपारी दुकानदाराने शटर अर्धं उचलून गिऱ्हाईक आहे का बघावं आणि परत ओढून घ्यावं, तसं. त्या सेकंदात त्याच्या वेगाने हाक मारली तरच तो ओ देतो. 2018 पासून नॅनोला नवा बूटलोडर आला, तो सेकंदाला 115200 बिटच्या वेगाने बोलतो. जुना 57600 च्या. स्वस्त बोर्डांमध्ये अजून सर्रास जुनाच असतो, आणि संगणक बिचारा नव्या वेगाने हाका मारत बसतो.

"मेनूत जा: टूल्स, प्रोसेसर, ओल्ड बूटलोडर," भाचा म्हणाला.

"हे आधी सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही वायरीतून बाहेर कुठं येत होता मामा?"

निवडलं. बोर्डावरचे बारके दिवे वेड्यासारखे फडफडले आणि अपलोड झालं.

पाणी आलं पहाटे तीनला. बझरने माझ्यासह अख्खी गल्ली उठवली, आणि शिव्या द्यायला बाहेर आलेले सगळे घागरी घेऊन नळाकडे पळाले. सकाळी शेजारच्या काकू आल्या. त्यांनाही असलंच एक यंत्र हवंय.

"देतो की," म्हटलं, "फक्त वायर तुमची आणा."