डूला ठेवायची का, हा दुसरा प्रश्न झाला

माझी पुण्यातली मामेबहीण सातव्या महिन्यात आहे. तिने फॅमिली ग्रुपवर साधं विचारलं की डूला, म्हणजे बाळंतपणात सोबत राहून आधार देणारी पगारी बाई, ठेवायचा विचार करतेय, चांगली कशी ओळखायची, आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. काका म्हणाले आई आणि सासू दोघी धडधाकट असताना पगारी बाई कशाला. मामी म्हणाली आम्ही काय डूला ठेवून बाळंत झालो का. नात्यातले एक डॉक्टर आहेत ते तर रागावलेच, म्हणे आमच्यावर विश्वास नाही तर घरीच करा डिलिव्हरी. आणि कॅनडातला चुलतभाऊ मधेच टाकून गेला की इकडे तर सगळ्यांकडे असते.

सगळ्यांकडे बिलकुल नसते हो. कॅनडाचं मला माहीत नाही, पण मी न्यू जर्सीत राहते आणि अमेरिकेत 2013च्या एका मोठ्या सर्वेक्षणात जेमतेम 6 टक्के बायकांनी डूला घेतली होती. बहुतेकींना खिशातूनच पैसे भरावे लागतात, आमच्या राज्यात मेडिकेडवाल्यांना, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्यात असलेल्यांना, 2021पासून सरकार देतं तेवढंच. मी घेतली कारण इथे कुणी नव्हतं, आईचं तिकीट ड्यू डेटच्या तोंडावरचं होतं आणि नवरा नुसतं इंजेक्शन बघून पांढरा पडतो.

डूलांचे इंटरव्ह्यू घेताना मला सगळ्यात जास्त कळलं ते एपिड्युरलच्या, म्हणजे कळा कमी करायला पाठीत देतात त्या इंजेक्शनच्या, प्रश्नावरून. मी प्रत्येकीला विचारायचे, कळा सुरू असताना मी म्हटलं की आता सहन होत नाही, एपिड्युरल द्या, तर तू काय करशील? एकीने अगदी प्रेमाने सांगितलं की ती मला त्या क्षणातून बाहेर काढेल, म्हणजे थोडक्यात मागू देणार नाही. दुसरीने अभिमानाने सांगितलं की तिच्या एकाही बाईचं सिझर झालेलं नाही. मी तिथेच तिच्या नावावर काट मारली, कारण एकतर हे खरं नाही किंवा ही बाई अवघड केस घेतच नाही, आणि तसंही सिझर होणं न होणं डूलाच्या हातात नसतं. ती आतली तपासणी करत नाही, औषध देत नाही, बाळ काढत नाही. कंबर दाबणं, कुशी बदलून देणं, पाणी पाजणं, डॉक्टर काय म्हणाले ते परत नीट समजावणं हे तिचं काम. जिला घेतली तिने उत्तराच्या आधी मलाच विचारलं, "घरी आल्यावर तुझ्यासाठी जेवण कोण करणार?" आणि मग एपिड्युरलबद्दल म्हणाली की मी एकदाच विचारेन, नक्की का, आणि तू हो म्हणालीस की नर्सला बोलावेन. शिवाय ती आजारी पडली तर बदली कोण येणार त्या बाईशी आधीच बोलणं करून दिलं, त्याच महिन्यात अजून किती जणी आहेत तेही लपवलं नाही. हे प्रश्न पुण्यातही असेच्या असे चालतील.

पण पुण्यात मुळात पहिला प्रश्न डूलाला नाहीच विचारायचा, तो हॉस्पिटलला विचारायचा. ग्रुपवर फॅड आहे की नाही यावर एवढं रण माजलं, पण कळांच्या वेळी आत कोण असेल हे कुणी विचारलंच नाही! मामीला स्वतःला आठवत असेल, आजी बाहेर बाकावर होती आणि मामी आत एकटी ओरडत होती आणि वर आयाचं ऐकून घेत होती. म्हणजे आई-सासू आहेत की, हा मुद्दा दाराशीच संपतो. केंद्र सरकारने 2016मध्ये सरकारी दवाखान्यांत सोबतीण ठेवायला परवानगी दिली, प्रायव्हसी असेल तर नवराही चालेल म्हटलं. कागदावर आहे सगळं. खाजगीत मात्र ज्याचे त्याचे नियम, आणि सिझरही तिथेच जास्त, 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खाजगीत 47 टक्के आणि सरकारीत 14. खाजगीत जाणाऱ्या बायका वेगळ्या असतात, मान्य, पण तरी एवढा फरक? आमच्या डॉक्टरसाहेबांना सांगायला हवं की 2017मध्ये बाळंतपणातल्या सोबतीवरचे 26 अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सतत कुणीतरी सोबत असलेल्या बायकांची सिझर कमी झालेली दिसली, यात डॉक्टरचा अपमान कुठे आला?

आणि इकडचं दार कायम उघडंच असतं असंही नाही. मार्च 2020मध्ये कोविड आला तेव्हा नदीपलीकडे न्यूयॉर्कमधल्या मोठमोठ्या हॉस्पिटलांनी नवऱ्यांनाही आत घेणं बंद केलं, बायकांनी इतका आरडाओरडा केला की काही दिवसांतच गव्हर्नरला आदेश काढून एक माणूस आत सोडायला लावावं लागलं, डूलांना वेगळी परवानगी मिळेपर्यंत एप्रिल संपत आला. तोवर कित्येक डूला फोनच्या स्क्रीनवरून श्वास घ्यायला सांगत होत्या.

म्हणून बहिणीला म्हटलं, पुढच्या व्हिजिटला विचार की डूला आणि नवरा दोघं चालतील का एकच, रात्रीही का, ओटीतही का, आणि जे सांगतील ते फाईलवर लिहून घे. तिने रिसेप्शनला विचारलं तर म्हणे मॅडमना विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. तोवर डूलाला अॅडव्हान्स देऊ नकोस म्हटलंय.