दुधाचाच आहे, पडेल

आज आमच्या इंदूरच्या खजुरी बाजारात शाळेच्या पुस्तकांसाठी दोन तास रांगेत उभा होतो. १ एप्रिलला शाळा सुरू, लेक तिसरीत गेली, आणि पुस्तकांची यादी अशी की वाचून घाम फुटावा. असो, तो राग वेगळा आहे, त्यावर दुसऱ्या दिवशी लिहीन.

माझ्या पुढे एक गृहस्थ होते, सोबत सहा-साडेसहाचा मुलगा. खालचे पुढचे दोन दात पडलेले, छान बोळकं. पण उजवा गाल तळहातात धरून उभा. रडत नव्हता, नुसता गप्प होता. मुलं दुखणं अंगवळणी पडल्यासारखी गप्प होतात ना, तसा. थोड्या वेळाने कुरकुरायला लागला, तेव्हा वडिलांनी खिशातून टॉफी काढून हातात दिली. चिकट, दाताला लागली की संध्याकाळपर्यंत न सुटणारी. पोराने ती डाव्या बाजूला ठेवली. उजवीकडे नाही. मी बघत होतो.

राहवलं नाही. म्हटलं, "दाखवलंत का कुणाला?"

ते हसले. "अरे भिया, दूध के दाँत हैं. गिर जाएँगे."

आणि माझं डोकं फिरलं. काही बोललो नाही, रांग पुढे सरकली, त्यांनी पुस्तकांचा गठ्ठा घेतला, वर प्लास्टिकची कव्हरं, लेबलं, नवी बाटली, नवं दप्तर सगळं घेतलं आणि गेले. पोरगा मागून गाल धरून.

घरी येऊन जेवलो, तरी डोकं शांत नाही म्हणून लिहितोय.

आपण कशाकशाची तयारी करतो! बूट एक नंबर मोठे घेतो, पाय वाढेल म्हणून. युनिफॉर्मची शिवण आत दुमडून ठेवतो. वह्यांना कव्हरं घालतो, पेन्सिलींवर नाव चिकटवतो. डबा तीन कप्प्यांचा. आणि त्या डब्यातलं जे खाणार आहे ते तोंड? ते उघडून कुणी बघितलंय का? आपलं इंदूर २०१७ पासून ओळीने सात वेळा स्वच्छतेत देशात पहिलं आलं, कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं की आमची तीन वर्षांची पुतणी ओला कचरा, सुका कचरा बरोबर वेगळा करते. तिच्याच दाढेत काल दुपारचं क्रीम बिस्किट आज सकाळीही होतं.

आता खरं सांगतो. त्या गृहस्थांचा राग आला, कारण हेच वाक्य मी बोललोय. मराठीत. डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर.

आमचा शनिवारचा नेम सराफ्याचा. (बाहेरगावच्या मित्रांसाठी: दिवसा सोन्याचांदीची दुकानं, ती मिटली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याचे ठेले, मध्यरात्र उलटेपर्यंत. आणि आमच्याकडे शिकंजी म्हणजे लिंबू-पाणी नाही, घट्ट दुधाची असते. हसू नका.) भुट्ट्याचा कीस, मग मालपुआ, मग रबडी. लेक सहा वर्षांची होती तेव्हापासून बरोबर. साडेअकराला ॲक्टिव्हावर आम्हा दोघांच्या मध्ये बसायची आणि राजवाडा मागे पडेपर्यंत झोपून जायची. हनुवटीला रबडी. मी तिला खांद्यावर टाकून तीन जिने चढायचो. बायको म्हणायची, "चूळ तरी भरव तिला." आणि मी म्हणायचो, "झोपू दे गं."

माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात आवडत्या आठवणींपैकी आहे ही. तो भार, तो मानेवर लागणारा गरम श्वास, त्याला रबडीचा वास. आणि तेच नडलं.

शनिवार एकच म्हणाल. पण "झोपू दे गं" एकदा तोंडात बसलं की मंगळवारीही येतं. झोपताना दूध साखर घालून, ते पिऊन तशीच आडवी. सकाळी मात्र ब्रश अगदी नियमाने, कारण शाळेत तोंडाला वास यायला नको! म्हणजे लोकांसाठी ब्रश. रात्रभर दाताला जे लागून राहतं त्याचं काय? दिवसा लाळ धुऊन नेते, झोपेत लाळ जवळजवळ थांबते. एका वेळचा ब्रश चुकवायचाच असेल तर सकाळचा चुकवा, असं मला नंतर कळलं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, दुसरीचा पहिला आठवडा. शाळेतून फोन. डबा खात नाही, रडतेय. नेली दवाखान्यात. खाली उजवीकडे, सगळ्यात मागची दाढ, मधोमध काळा खड्डा. मी अगदी शहाण्यासारखा म्हणालो, "दुधाचाच आहे ना? काढून टाका, पडायचाच आहे."

डॉक्टरीणबाईंनी छोटा आरसा तोंडात धरला, मला वाकायला लावलं आणि म्हणाल्या, "मधल्या रेषेपासून मोजा."

मी मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

"दुधाचे एका बाजूला पाचच असतात. हा सहावा. हा दुधाचा नाही. हा सहाव्या वर्षी मागून येतो, कुठलाही दात न पाडता, म्हणून आईवडिलांना कळतच नाही. हा म्हातारपणापर्यंतचा आहे."

मित्रांनो, मी इंजिनियर माणूस, पाच आणि सहातला फरक मला चाळिशीत शिकवावा लागला.

तेव्हापासून मी भेटेल त्याला विचारतो: सहाव्या वर्षी दाढ येते हे माहीत होतं का? पहिला दात पडला की आपण फोटो काढतो, उंदराला देतो, आजीला व्हिडिओ कॉल करतो. आणि त्याच सुमारास मागे, अंधारात, चार कायमच्या दाढा गुपचूप वर येत असतात, खोल खोल खाचांच्या, नव्या कोऱ्या, कच्च्या. ब्रश तिथवर पोचत नाही कारण मूल स्वतःच घासतं आणि आपण कौतुकाने म्हणतो, "आमची आता स्वतःचं स्वतः करते हं!" नाही करत. बुटाची नाडी नीट बांधता येत नाही त्या हातांना दाढेची मागची बाजू काय घासता येणार? सात-आठ वर्षांपर्यंत घासून द्यायचं असतं. मी दिलं नाही. मी मोबाइल बघत होतो.

चार खेपा झाल्या आमच्या. दाढेची मुळं अजून पुरती तयार झाली नव्हती, ती नऊ-दहाव्या वर्षापर्यंत वाढत असतात म्हणे, म्हणून मोठ्या माणसासारखं सरळ रूट कॅनॉल नाही. नस जिवंत ठेवायची खटपट, औषध, वर सिमेंट, पुन्हा एक्स-रे. पहिली युनिट टेस्ट बुडली. सुईच्या वेळी तिने माझं बोट इतकं घट्ट धरलं होतं की नख उमटलं. आणि एकदाही म्हणाली नाही की बाबा, तुम्ही मला उठवलं का नाही. तिला सुचलंच नाही ते. मला सुचलं.

आता तुम्ही म्हणाल, आमची आजी राखुंडीने दात घासायची आणि नव्वदीपर्यंत ऊस सोलून खायची. खायची, मान्य. पण तुमच्या आजीला वर्गात वर्षातून चाळीस टॉफ्या वाटल्या जात नव्हत्या. चाळीस मुलं, चाळीस वाढदिवस, हिशेब करा. त्यात रिटर्न गिफ्टमध्ये पेन्सिलबरोबर जेली. एक लाडू एका बैठकीत खाल्ला तर लाळ अर्ध्या-पाऊण तासात आवरतं घेते. तोच गोडपणा दर तासाला थोडा थोडा, म्हणजे दाताला श्वास घ्यायला फुरसत नाही. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं. हे माझ्या आईला पटत नाही. तिच्या मते लाडू घरच्या तुपाचा असला की लागत नाही. आईशी कोण भांडणार.

आणि पेस्टमधलं फ्लोराइड म्हणजे विष, असा जो मेसेज फिरतो तो कृपा करून मला पाठवू नका. हो, झाबुआ-धारकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि तिथल्या मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, हे खरं आहे. पण आपल्या नळाला नर्मदा येते. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, पुढे मटाराच्या दाण्याएवढी, गिळायची नाही, एवढ्याने कुणाला काही होत नाही. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर लाट काढायची नसते. आणि घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून दहा चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर लावलेलं सगळं वाहून जातं. हे ऐकून मला धक्काच बसला. आपला अख्खा समाज चुळा भरण्यावर उभा आहे.

दुधाच्या दातांचंही "पडेल" म्हणून सोडू नका हो. त्यातल्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. सहाव्या वर्षी किडलेली दाढ घेऊन पोराने सहा वर्षं काय करायचं, एका बाजूने चावायचं? ती लवकर काढली की शेजारचे दात त्या जागेत झुकतात, मग खालून येणाऱ्याला जागा नाही, मग चौदाव्या वर्षी तारा लावायला रांग. खाली पू झाला तर खालचा पक्का दातही डागाळून येऊ शकतो.

डेंटिस्ट लुटतात, हेही ऐकलं. काही लुटत असतील. एमवाय हॉस्पिटलजवळ सरकारी डेंटल कॉलेज आहे, १९६१ सालचं, तिथे जा. गर्दी असते, सकाळ जाते. खजुरी बाजारातही गेलीच की. आणि दुखायच्या आधी गेलात तर सुई नाही, ड्रिल नाही, दाढेच्या खाचा भरून टाकतात, सीलंट म्हणतात त्याला. काही मिनिटांचं काम. माझ्या लेकीच्या बाकीच्या तीन दाढांना लावलंय. चौथीला लावायची वेळ मी घालवली.

शाळा सुरू व्हायला अजून थोडे दिवस आहेत. आत्ता नाही झालं तर मेच्या सुट्टीत. आज रात्री निदान मोबाइलचा टॉर्च लावून मोजा तरी. मधून सुरू करा.

त्या गृहस्थांना मी आज हे का सांगितलं नाही? भिडेपोटी. रांगेत अनोळखी माणसाला काय सांगायचं, म्हणून. पुन्हा तेच, झोपू दे. तो मुलगा डाव्या बाजूने टॉफी चघळत बाजारातून जाताना अजून दिसतोय. ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचणार नाही, पण इंदूर फार मोठं नाही. दोन दात पडलेला, निळा टी-शर्ट, खजुरी बाजार, आज सकाळी अकराच्या सुमारास. कुणाच्या ओळखीचे असतील तर सांगा त्यांना, मोजा म्हणावं.

परवाच्या शनिवारी आम्ही सराफ्यात गेलो होतो. नेम मोडलेला नाही, तेवढं पुण्य माझ्याकडे नाही. लेक नेहमीसारखी झोपली, मी नेहमीसारखी उचलून वर आणली. आता ती जड झालीय, दुसऱ्या मजल्यावर मला थांबावं लागतं. या वेळी बायकोच म्हणाली, "राहू दे रे आज, झोपू दे."

मी तिला बाथरूममधल्या स्टुलावर उभी केली. डोळे मिटलेले, डोकं माझ्या पोटावर टेकलेलं. म्हटलं, आ कर. न उठताच तिने आ केला.