बॉनेट उघडणं शोभत नाही

जुनी टर्बोची गाडी घ्यायचं ठरवलं असेल तर आधी तपासणी हा शब्द डोक्यातून काढून टाका. तपासणी म्हणजे समोरच्याच्या शब्दावर अविश्वास, आणि सोलापुरात अविश्वास दाखवायला फार मोठं काळीज लागतं. इथं तुम्ही गाडी बघायला गेलात की मालक आत बोलावतो, चहा टाकतो, जेवणाची वेळ असली तर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही पुढं ठेवतो. एवढं पोटात गेल्यावर त्याच्याच अंगणात, त्याच्याच गाडीखाली टॉर्च घेऊन लोळणार? नाही ना? त्यालाही हे ठाऊक असतं. म्हणून चटणी आधी येते आणि किल्ली नंतर.

आपण 2012 च्या आसपासची 1.3 लिटरची डिझेल गाडी धरून चालू, कारण शोधायला निघालेल्या दहांतले निम्मे तिच्यापाशीच येऊन थांबतात. इंजिन मूळचं फियाटचं. मारुतीनं वापरलं, टाटानं वापरलं, शेवरोलेनंही वापरलं. त्यामुळे पार्ट कुठंही मिळतात आणि काम करणारा मिस्त्रीही कुठंही मिळतो. ही तिची खरी जमेची बाजू. पण विकणारा ती सांगत नाही, तो सांगतो, "डॉक्टरांची गाडी आहे ओ." डॉक्टर कशाचे, ते विचारू नका.

बघायला जायची उत्तम वेळ म्हणजे एप्रिल-मे महिन्यातले दुपारचे दोन. पारा 42-43 वर असतो, बॉनेटला हात लावला तर चटका बसतो, मग इंजिन आधीच चालू करून ठेवलं होतं की उन्हानं तापलंय हे कळायला मार्ग राहत नाही. शिवाय मालक स्वतःहून सांगतो, "तुम्ही येणार म्हणून एसी गार करून ठेवला." केवढा हा अगत्याचा माणूस! खरं तर हीच गाडी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या गार पहाटे, रात्रभर उभी राहिल्यानंतर तुमच्यासमोर पहिल्यांदा चालू केली तर बरंच काही बोलून जाते. टायमिंग चेन सैल झाली असेल तर सुरुवातीलाच खडखडते, हीटर प्लग गेले असतील तर स्टार्टर दमतो, कुठून ऑइल झिरपत असेल तर पहिलाच धूर निळा येतो. पण पहाटे सहाला कुणाच्या दारात जाऊन उभं राहणं बरं दिसतं का? दोनलाच जा.

धुराबद्दल लोक उगाच रंग बघत बसतात. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी पडतेय, मग टर्बोचा होज फाटला असेल किंवा इंजेक्टर बिघडले असतील. पांढरा थांबतच नसेल आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट आत जातंय. हे सगळं लक्षात ठेवण्यापेक्षा मालकाचं स्पष्टीकरण लक्षात ठेवणं सोपं. तिन्ही रंगांना ते एकच असतं: "डिझेल गाडी हाय, तेवढं चालतंय की."

आता टर्बो. हा खरा नाजूक विषय आहे, त्यामुळे त्यापासून दूरच राहा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर एक चक्र फिरतं, त्याच दांडीवरचं दुसरं चक्र इंजिनात हवा कोंबतं. या छोट्या गाड्यांत ती दांडी मिनिटाला लाखभरापेक्षा जास्त फेरे घेते आणि तिला आधार असतो तो ऑइलच्या पातळ थराचा. म्हणजे टर्बोचं आयुष्य हे मालकानं ऑइल कधी बदललं याचंच दुसरं नाव. म्हणून सर्व्हिसचं पुस्तक मागायचं नसतं. मागितलंत तर "घरात कुठंतरी आहे" असं उत्तर येतं आणि माणसाला उगाच कपाट उचकायला लावल्याचं पाप लागतं. त्याऐवजी विचारा, "ऑइलकडं लक्ष देता ना, अण्णा?" तो अभिमानानं सांगेल, "म्हणजे काय! दर महिन्याला लिटरभर टाकतोच." त्याच्या या काळजीनं भारावून जा. इंजिन महिन्याला लिटरभर ऑइल पितंय, असा कोता अर्थ काढू नका.

आणखी एक खोडसाळ प्रश्न असतो: हायवेवरून ताणून आल्यावर इंजिन लगेच बंद करता की मिनिटभर तसंच चालू ठेवता? पुण्याहून 250 किलोमीटर दामटून आलेली गाडी दारात पोचताच किल्ली फिरवून बंद केली की तापलेल्या टर्बोतलं ऑइल जागच्या जागी करपतं. वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं की बेअरिंग खलास. पण घरी पोचल्यावर मिनिटभर गाडीत बसून राहायला कुणाला वेळ आहे? मालकाला लाजवू नका.

गाडी थंड असताना हवेचा पाइप काढून टर्बोच्या पात्यांना बोट लावून बघणारे काही अतिशहाणे लोक असतात. पातं बाजूला किंचित हललं तर चालतं, कारण ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा लागतेच. दांडी मागंपुढं सरकली किंवा पात्यांच्या कडा खरवडलेल्या दिसल्या तर बोलणं तिथंच संपवावं, असं ते म्हणतात. पाइपात ऑइलचा हलका ओलावा असला तर ते दुर्लक्ष करतात आणि तळं साचलेलं दिसलं तर चपला घालतात. तुम्ही मात्र कानावर विश्वास ठेवा. वेग वाढवताना ॲम्ब्युलन्सच्या सायरनसारखा आवाज चढत गेला तर मालक म्हणेल, "ऐका, टर्बो कसला शिट्टी मारतोय!" ऐका आणि मान डोलवा. टर्बोतून फार ऑइल आत जाऊ लागलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर स्वतःहून पळायला लागतं, किल्ली काढली तरी थांबत नाही. पण एवढा उत्साही टर्बो नशिबात असायला पुण्याई लागते.

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून बघायची एक रीत आहे. हलकी वाफ आली तर ठीक. भकाभका धूर आला आणि झाकण उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. यात गरम ऑइल शर्टवर उडायची भीती असते, आणि गाडी बघायला जाताना आपण शर्ट पांढराच घालतो. तेव्हा राहू द्या.

डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा तेवढा जरूर बघा. किल्ली ऑन केल्यावर तो लागायला हवा आणि इंजिन चालू झाल्यावर विझायला हवा. मुळात लागलाच नाही तर निश्चिंत व्हा, गाडीत काहीच दोष नाही. दिवा कुणी काढला किंवा मागून झाकला, या चौकशीत पडू नका. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावून जुने कोड आणि ते शेवटचे कधी पुसले हे काढणारी माणसं सोलापुरातही मिळतात, फार पैसेही घेत नाहीत. पण तीन लाखांच्या गाडीसाठी हजार रुपये मिस्त्रीला द्यायचे म्हणजे उधळपट्टीच. त्यापेक्षा दाजींना घेऊन जा. दाजी टायरला लाथ मारतील, दार दोनदा आपटतील आणि म्हणतील, "आवाज बघा, लोखंड आहे लोखंड." टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, 1418 असले तर 2018 सालचा चौदावा आठवडा, दाजींना ते आकडे दिसत नाहीत, त्यांना नक्षी दिसते.

चालवून बघायची तर सात रस्त्यापासून रंगभवनपर्यंत, दुसऱ्या गिअरवर, एसी आणि गाणी दोन्ही चालू ठेवून. तेवढ्यात टर्बोची झोप मोडत नाही. तुळजापूरच्या घाटात चार माणसं बसवून तिसऱ्या गिअरवर पंधराशे आरपीएमपासून जोर लावला तर जोर अचानक गळतो का, मागं काळा धूर सुटतो का, गाडी मध्येच मलूल होऊन वेगच घेत नाही का, हे दहा मिनिटांत उघड होतं. पण देवीला आपण गाडी घेतल्यावर जातो, आधी नव्हे. लिंबू-नारळ तेव्हाच.

मग येते किंमत. इथं मालकाच्या पद्धतीनंच हिशोब करा. म्युझिक सिस्टीम इतक्याची, सीट कव्हर इतक्याची, मागच्या वर्षी रंग मारला तो इतक्याचा, असं सगळं पूर्ण भावानं गाडीच्या किमतीत मिळवत जा. बंपरचा रंग दारापेक्षा वेगळा का, हे विचारायचं नाही. त्या रंगाचेही पैसे आपणच देतोय. मालक विम्याचा कागद दाखवून म्हणेल, "बघा, कंपनीनंच एवढी किंमत लावलीय." नवी गाडी चार वर्षांची झाली की पाचव्या वर्षात विम्याच्या कोष्टकात घसारा 50 टक्के धरतात, पाच वर्षांनंतर कोष्टक संपतं आणि आकडा मालक व कंपनी आपसांत ठरवतात. म्हणजे तो आकडा मालकानंच सांगितलेला असू शकतो. तरी छापील कागद तो छापील कागद.

उलटा हिशोब करणारेही असतात. त्याच सालच्या, त्याच मॉडेलच्या चार-पाच गाड्यांचे भाव काढायचे, मधला धरायचा. मग मिस्त्रीनं सांगितलेले खर्च, समजा टर्बोला 30,000, क्लचला 12,000, चार टायरांना 18,000, असे 60,000 त्यातून वजा करायचे आणि तोच आकडा तोंडावर सांगायचा. वर असंही बघायचं की 2012 ची आरसी, म्हणजे नोंदणी, 2027 ला संपते. मग फिटनेस, नव्यानं नोंदणी, पर्यावरण कर, म्हणजे तीन लाख नेमके किती वर्षांसाठी देतोय. अशा माणसाला आपल्याकडं चिंगूस म्हणतात. त्याला दुसऱ्यांदा चहा मिळत नाही.

विजापूरकडची, केए-28 ची गाडी स्वस्तात मिळाली तर सोडूच नका. "पाटी तेवढी कर्नाटकची ओ, इंजिन तेच." तिकडचा ना-हरकत दाखला (एनओसी), इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर यांचा खर्च मालकानं किमतीतून आधीच वगळलेला असतो. म्हणजे तो तुमच्यासाठी राखून ठेवलेला असतो. कायदा तसा 12 महिन्यांची सवड देतो. तेवढ्यात टर्बो आणि तुमचा उत्साह यांतलं काय आधी जातं ते बघता येईल.

व्यवहार ठरला की टोकन रोख द्या, पावती मागू नका. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झालीच असं समजून ते कागद डॅशबोर्डच्या खणात ठेवा. कर्ज फिटलंय का, चलन थकलंय का, मालक पहिला की तिसरा, हे परिवहनच्या ॲपवर पाच मिनिटांत दिसतं. न बघता राहायला मात्र संयम लागतो. विमा आपल्या नावावर करून घ्यायला 14 दिवस असतात, तेही जाऊ द्या. त्या विम्यातला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, गाडीबरोबर येत नाही, तो मालकाचाच असतो. तो तेवढा आठवणीनं आपल्या नव्या गाडीला लावून घेतो, आणि ती गाडी घेताना सोबत मिस्त्री घेऊन जातो.