कडुनिंबाचा पाला तळ्यात ओतण्याआधी

ठाणे-नवी मुंबईतल्या मत्स्यशेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'कडुनिंबाचा पाला आणि ठेचलेला लसूण तळ्यात टाका, आठ दिवसांत माशांच्या उवा आणि पांढरे ठिपके साफ. झाडपाला आहे, माशाला अपाय नाही. संशोधक हे दडवतात.'

शेवटचा आरोप आधी घेतो. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतल्या संशोधकांनीच कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन आणि मिरीतलं पायपरीन गोल्डफिशवरच्या उवांवर तपासून निष्कर्ष छापलेत. उवा मरतात, हे खरंच. पण टाकीत, मोजून दिलेल्या मात्रेने.

'झाडपाला आहे, अपाय नाही' हे वाचून मात्र जीव घाबरा होतो. मुरबाड-शहापूरकडे मोहाच्या झाडांना काही कमी नाही. त्याची पेंड तळ्यात कशाला टाकतात? मत्स्यबीज सोडण्याआधी नको असलेले मासे मारायला, हेक्टरी 2,000 ते 2,500 किलो. तिच्यातलं सॅपोनिन नावाचं द्रव्य माशाच्या रक्तपेशी फोडतं. तीही झाडाचीच ना? अझाडिरॅक्टिनसुद्धा मात्रा चढली की उवांसोबत मासा मारतं.

शिळफाट्याजवळच्या एका तळ्यावर पहाटे गेलो, तर तीन पोती पाला कुजून पाणी कोऱ्या चहासारखं झालेलं. कुजणाऱ्या पाल्याने पाण्यातला प्राणवायू ओढून घेतला होता आणि रोहू काठाशी तोंड वर काढून हवा गिळत होते. एक हातात घेतला. पराच्या बुडाशी मसुराएवढ्या चपट्या उवा जिवंत, नख लावलं की बाजूला सरकत होत्या.

का नाही मेल्या? हिशोब करून बघा. 10 गुंठे तळं, 5 फूट पाणी म्हणजे सुमारे 15 लाख लिटर. लिटरला 10 मिलिग्रॅम धरलं तरी 15 किलो निव्वळ अझाडिरॅक्टिन हवं. पाल्यात ते किती, हे झाडागणिक बदलतं, आणि उन्हात ते टिकत नाही.

लसणाचं थोडक्यात: पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या कातडीखाली असतो तोवर पाण्यातलं औषध त्याला गाठत नाही.

राहिले 'आठ दिवस'. उवेची मादी अंडी माशावर नाही, दगडांवर, खुंटांवर ओळीने चिकटवते. आज दिसणाऱ्या उवा मेल्या तरी ती पुढे फुटतातच. म्हणून उवांना अंडी चिकटवायला तळ्यात बांबू रोवा, दर आठवड्याला उपसून कडक उन्हात वाळवा. आणि कुठलाही काढा वापरायचाच असेल, तर आधी हौदात चार मासे ठेवून दिवसभर बघा. तळ्यात नंतर.