टाइमशेअरचे मॅनेजर व्हा, नोंदणीचं नाव काढू नका

पोटापाण्याचं काही जमत नसेल तर टाइमशेअर रिसॉर्टचे मॅनेजर व्हा. टाइमशेअर म्हणजे एकाच खोलीचे वर्षातले आठवडे वेगवेगळ्या लोकांना विकायचे. वर्षाचे आठवडे ५२. त्यातला एक डागडुजीला ठेवायचा, उरलेले ५१ विकायचे. म्हणजे एका खोलीला ५१ मालक, आणि ते एकमेकांना आयुष्यात भेटत नाहीत. याहून सुखाची नोकरी दाखवा!

नोंदणीच्या भानगडीत पडू नका. अमेरिकेत नेवाडा राज्यात टाइमशेअरच्या मॅनेजरला सरकारच्या रिअल इस्टेट विभागाकडे नाव नोंदवावं लागतं. फ्लोरिडात दरवर्षी हिशेब बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यायचे, वर मालकांची यादी अद्ययावत ठेवायची. असल्या ठिकाणी चुकूनही नोकरी धरू नका.

कुणी मॅनेजरचा नोंदणी क्रमांक मागितलाच तर कंपनीचा द्या. निम्मे लोक तिथेच गप्प होतात.

मालकांची सभा कामाच्या दिवशी सकाळी ठेवा, म्हणजे कुणी येत नाही.

देखभालीचं बिल मात्र वेळेवर पाठवा. मीही असाच एका आठवड्याचा मालक, मला गेल्याच महिन्यात आलं. चार ओळी: साफसफाई, वीज, पगार आणि ‘इतर’. हे ‘इतर’ वरच्या तिन्हींच्या बेरजेपेक्षा मोठं. मी मेल केला, ‘इतर’ म्हणजे काय? उत्तर आलं, ‘आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.’ अहो, सूचना कसली, प्रश्न विचारला होता! बाथरूमचा गीझर दोन वर्षं बंद आहे. दोन्ही वर्षी दुरुस्तीचा निधी भरलाय, पावत्या आहेत. तो निधी वेगळ्या खात्यात आहे की तुमच्याच खिशात? यंदा माझा आठवडा मागितला तर ‘सिस्टिममध्ये उपलब्ध दिसत नाही, सर’. त्याच रात्री बुकिंगच्या साइटवर पाहिलं. तीच खोली, तेच दिवस, फोटोत पलंगामागचा तोच फुटका दिवा, आणि नवा पाहुणा रोख मोजत असेल तर खुशाल या! फोन केला तर मॅनेजर बदललेले. आधीचे कुठे गेले? ‘माहिती नाही, सर.’ नोंद असती तर माहिती असती ना!

जाऊ दे, उपरोध जमत नाहीये आता. दुसऱ्याच्या घराची किल्ली आणि पैसा ज्याच्या हातात, त्याचं नाव सरकारी वहीत नको? तक्रार करायची तर कुणाविरुद्ध, हे तरी कळायला नको? आणि तुम्हीही हसू नका. सही करताना खिडकीतून काय दिसतं ते विचारलंत, हे सगळं सांभाळणार कोण ते विचारलंत का? मीही नव्हतं विचारलं. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमांत विचार बदलायला १४ दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत आगाऊ पैसे घ्यायला बंदी आहे. मी विकणाऱ्याच्या गोड बोलण्याला भुलून त्याच बैठकीत चेक फाडला.

या बिलातल्या पहिल्या तीन ओळींचे पैसे भरणार आहे. ‘इतर’चे नाही. लावा दंड. फक्त त्या पावतीवर मॅनेजरचा नोंदणी क्रमांक छापा.