खोक्यावरचे सहा हजार

रॅमच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीच्या, खोक्यावर ६००० हा वेगाचा आकडा एवढा मोठा छापलेला असतो, की कंपनीचं नाव शोधावं लागतं. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदारानेही खोकं काउंटरवर ठेवताना आकडाच माझ्याकडे फिरवला. "सिक्स थाउजंड आहे साहेब, सीएल थर्टी." मी समजल्यासारखी मान हलवली. भाच्याने पाठवलेल्या यादीत हेच लिहिलं होतं, आणि त्या यादीबाहेर जायची माझी हिंमत नव्हती. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासक्रमात नसलेल्या सगळ्या विषयांत तो घराण्यातला तज्ज्ञ आहे.

तर ही ६००० ची रॅम कॉम्प्युटरमध्ये बसवली की ४८०० ने चालते. बिघाड नसतो. जेडेक नावाची संस्था मेमरीची मानकं ठरवते. माझ्या रॅमच्या पिढीचं, म्हणजे डीडीआर-५ चं, मानक तिने २०२० मध्ये प्रसिद्ध केलं. नवी रॅम दिसली की मदरबोर्ड काही विचारत बसत नाही, त्या मानकातल्या बेताच्या वेगाने कामाला लावतो. वरचे १२०० तुम्ही पैसे मोजून घेतलेले असतात, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन मागितल्याशिवाय ते मिळत नाहीत. घरच्यांशी भांडून घेतलेली ६००० ची रॅम वर्षानुवर्षं ४८०० ने चालवत कितीतरी पोरं आनंदात खेळत असतील. त्यांना कोणी काही सांगू नये.

मला भाच्याने सांगितलं.

"मामा, टास्क मॅनेजर उघड. मेमरी. स्पीड किती दिसतोय?"

"चार हजार आठशे."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग अगदी हळू प्रश्न आला, "एक्स्पो ऑन नाही केलंस?"

रॅमच्या पट्टीवरच एक बारीकशी चिप असते. कुठला वेग, किती व्होल्टेज, कुठली टायमिंग्ज, हे कंपनीने तिच्यात आधीच लिहून ठेवलेलं असतं. ते वाचून लागू करायच्या सोयीला प्रोसेसरवाल्या इंटेलने २००७ मध्ये एक्सएमपी नाव दिलं. तिच्या प्रतिस्पर्धी एएमडीने २०२२ मध्ये आपलं वेगळं एक्स्पो काढलं. मधल्या काळात मदरबोर्डवाल्यांनीही आपापली बारशी उरकून घेतली: डीओसीपी, ए-एक्सएमपी वगैरे. त्यामुळे मार्गदर्शनाच्या व्हिडिओत जे बटण असतं, ते आपल्या पडद्यावर त्या नावाने कधीच नसतं.

आधी बायोसमध्ये शिरायचं. त्यासाठी कॉम्प्युटर सुरू होताना डिलीटचं बटण बडवत राहायचं. पण माझा मॉनिटर झोपेतून उठेपर्यंत विंडोज हजर झालेली असते. पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा बडवाबडवी. "कशाचा आवाज येतोय?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. "काही नाही, सेटिंग," म्हटलं.

बायोस उघडलं, एक्स्पो सापडलं, आणि नेमके तेव्हाच सासरे खुर्ची ओढून शेजारी बसले. ते साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. वीज मंडळाच्या सबस्टेशनवरून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. पडद्यावर वेग होता, टायमिंग्ज होती, पंख्यांचे आकडे नाचत होते. त्यांना फक्त व्होल्ट दिसले.

"हे १.१० होतं, ते १.३५ का झालं?"

"बाबा, वेग वाढवायचा म्हणजे..."

त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार मांडला. "पावणेतेवीस टक्के. घरात २३० च्या जागी २८२ आले तर काय होईल, ठाऊक आहे तुम्हाला?" थोडं थांबून त्यांनी एकच शब्द उच्चारला. "फ्रिज."

मग त्यांनी वॉरंटीचे कागद मागितले. ते द्यायला नको होते. खोक्यावर ६००० ठळक असतं, पण त्या वेगाने चालवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, आणि त्यातून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे प्रोसेसरवाल्यांनी बारीक टायपात लिहिलेलं असतं. सासऱ्यांनी भिंग आणून ते वाचलं. "म्हणजे विकताना ६००० आणि जळल्यावर ४८००," ते म्हणाले. या विषयावर यापेक्षा नेमकं मी अजून काही ऐकलेलं नाही.

बदल जतन करायला मी एफ१० दाबलं. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. पंखे फिरत होते. मदरबोर्डवर रॅमच्या नावाचा एक बारीक दिवा लागला होता. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. वेग बदलला की प्रोसेसर रॅमकडे जाणारी एकेक वाट तपासून संकेताची वेळ जुळवत बसतो. मैफलीत तबलजी हातोडीने ठोकठोक करत तबला लावत असतो, तेव्हा श्रोत्यांनी मध्ये बोलायचं नसतं, तसंच हे. फरक एवढाच, की तबलजी तिथे बसलेला दिसतो. इथे डीडीआर-५ कित्येक मिनिटं लावून घेते आणि तोवर तुम्हाला फक्त स्वतःचा चेहरा दिसतो, काळ्या काचेत.

"आत्ता लाइट जाऊ नये म्हणजे मिळवली," मी पुटपुटलो. हे सासऱ्यांनी मनाला लावून घेतलं.

शेवटी विंडोज उगवली. टास्क मॅनेजरमध्ये ६०००! पण खात्री करायला सीपीयू-झी हे आतली माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं, तर तिथे ३०००. मी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, घड्याळ ३००० मेगाहर्ट्‌झचंच असतं, पण डीडीआर दर ठोक्याला दोनदा माहिती पाठवते, एकदा चढताना, एकदा उतरताना. मला कळेना. सासरे मात्र खूश. "म्हणजे दोन्ही बाजू वापरतात. बरोबरच आहे. अर्धी सायकल फुकट का घालवायची?"

रात्री रॅमच्या चुका शोधणारा मेमटेस्ट लावला. तो तासन्‌तास चालतो. सासऱ्यांनी वही काढून रकाने आखले: वेळ, तापमान, चुका. सबस्टेशनवर दर तासाला रीडिंग घ्यायची सवय होती त्यांना. पहाटे चारला माझ्या उशाशी येऊन त्यांनी अहवाल दिला, "एरर निरंक."

सकाळी बायकोने विचारलं, "मग आता काय बदललं?" खेळात चार-पाच फ्रेम वाढल्या होत्या, तेही जिथे प्रोसेसर दमतो तिथे. ते डोळ्यांना दिसत नाही, कोपऱ्यातला आकडा बघावा लागतो. शिवाय सीएल म्हणजे रॅमचा पहिला प्रतिसाद यायला लागणारे ठोके, आणि ६००० ला सीएल ३० म्हणजे १० नॅनोसेकंद. आधीच्या पिढीतल्या ३२०० सीएल १६ चेही १० च. वीसेक वर्षांपूर्वीच्या डीडीआर-४०० सीएल २ चेसुद्धा १०. एका वेळी वाहून नेण्याचं प्रमाण अफाट वाढलं, पण हाक मारल्यावर ओ द्यायला तेवढाच वेळ लागतो. हे मी बायकोला सांगितलं नाही. "बराच फरक पडला," म्हटलं.

भाच्याने मात्र एक ताकीद दिली. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहे ना, तशीच राहू दे. उरलेल्या दोन खाचा भरायच्या नाहीत. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसर मालिकेत दोन पट्ट्या असतील तर कंपनी ५२०० पर्यंतची ग्वाही देते, चारही खाचा भरल्या तर फक्त ३६०० ची.

सासरे साताऱ्याला परतल्यावर थोड्या दिवसांनी त्यांचं कुरिअर आलं. दुकानाचं बिल दाखवून त्यांनी हुबेहूब तशाच आणखी दोन पट्ट्या मागवल्या होत्या. सोबत चिठ्ठी: "काचेतून दोन जागा रिकाम्या दिसल्या. सिरीजमध्ये जोडा, बारा हजार होतील. व्होल्टेज मात्र वाढवू नका."