आगळाची बाटली वेगळी, अमृत कोकमाची वेगळी

नमस्कार.

कोकमाच्या बाटल्यांवरच्या लेखाला तुमचा आक्षेप थोडक्यात असा : आपल्याकडे आजी-पणजी दारूच्या रिकाम्या बाटल्यांतच आगळ (कोकमाचा खारवलेला रस) भरत आल्या, एकही बाटली फुटली नाही, मग नवी बुचं, सोड्याने धुणं, वर जागा सोडणं हे अवडंबर कशाला आणि लोकांना खर्चात का पाडता?

आगळापुरतं तुमचं म्हणणं खरं आहे. त्यात मीठ भरपूर आणि रातांब्याचा (कोकमाच्या फळाचा) आंबटपणा मूळचाच कडक. यीस्ट, म्हणजे साखर आंबवणारे सूक्ष्मजीव, तिथे तग धरत नाहीत, वायू होत नाही, बाटली फुटत नाही. अमृत कोकमाची, म्हणजे सरबतासाठीच्या गोड पाकाची, गोष्ट उलटी आहे. तिथे मीठ चवीपुरतं, सगळी भिस्त साखरेवर. साली आणि साखर थरांत घालून साखर पूर्ण विरघळली आणि पाकात साखर ६५ टक्क्यांच्या आसपास राहिली, तर तो टिकतो. पण तळाशी साखर न विरघळता राहिली किंवा बाटली ओली होती, तर वरचा थर पातळ होतो आणि फसफसणं तिथूनच सुरू होतं.

किती साखर आंबली की धोका, याचा हिशेब सोपा आहे. ४ ग्रॅम साखर आंबली की साधारण १ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. अशा दाट पाकाच्या एका लिटरमध्ये साडेआठशे ग्रॅमच्या आसपास साखर असते. त्यातली १६ ग्रॅम जरी आंबली, तरी बाटलीत सोड्याच्या बाटलीइतका वायू कोंडतो. शिवाय दाट पाकात वायू कमी विरघळतो, म्हणजे दाब आणखी चढतो. बिअरची बाटली वायूसाठीच घडवलेली असते. व्हिस्की-रमची नसते, आणि चौकोनी बाटली तर कोपऱ्यांवर ताण येऊन लवकर दगा देते. म्हणून आगळाला दारूची बाटली चालेल, अमृत कोकमाला गोल, जाड, शक्यतो तपकिरी बिअरची घ्या. उजेडाने कोकमाचा लाल रंग उतरतो, तपकिरी काच तो बराच सांभाळते.

काच पुन्हा वापरायला माझा विरोध कधीच नव्हता. विरोध आहे जुन्या झाकणाला. दारूच्या बाटलीचं ॲल्युमिनियमचं झाकण आगळावर बसवलं की मीठ आणि आम्ल मिळून ते खातात. आधी आतून पांढरी भुकटी दिसते, मग बारीक भोकं पडतात आणि आगळ पाझरतं. आगळाला प्लास्टिकचं झाकण किंवा बूचच हवं. बिअरच्या बाटलीचं पत्र्याचं बूच एकदाच बसतं. ओपनरने वाकलेलं पुन्हा ठोकून हवाबंद होत नाही आणि पावसाळ्याच्या दमट हवेत कडेने गंजतं. नवी बुचं आणि ती बसवायचं हातयंत्र वाडीतल्या चार घरांत मिळून घेतलं तरी पुरतं. खर्च एवढाच.

काही दारूच्या बाटल्यांच्या तोंडात प्लास्टिकची गोळी-जाळी असते. बाटली पुन्हा भरता येऊ नये म्हणूनच ती असते. ती उपटल्याशिवाय आत ब्रश जात नाही. निघत नसेल तर बाटली भंगारात द्या.

धुण्यापूर्वी बाटलीच्या तोंडाच्या कडेवरून नख फिरवा. नख अडलं तर टवका उडालेला आहे, तिथे बूच बसणार नाही. मग ५ लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून बाटल्या रात्रभर बुडवा. तळाचा थर सुटत नसेल तर मूठभर तांदूळ आणि पाणी घालून हलवा. वाळू नको, आतून ओरखडे पडले की काच कमजोर होते. सोडा निघेपर्यंत विसळा. नंतर पातेल्याच्या तळाशी फडकं घालून बाटल्या गार पाण्यातच ठेवा, पाणी हळूहळू तापवा आणि २० मिनिटं उकळा. काढल्यावर थेट कडप्प्यावर ठेवू नका, लाकडी फळीवर किंवा गोणपाटावर उलट्या वाळवा. आत एक थेंबही राहता कामा नये. फिनेल, रॉकेल, कीटकनाशकाची बाटली कितीही धुतली तरी नाहीच.

भरताना वर दोन बोटं जागा सोडा, नाहीतर उन्हाळ्यात पाक फुगून बूच ढकलतो. वर्षभर ठेवायचं असेल तर किलोला ०.७ ग्रॅम सोडियम बेंझोएट (पदार्थ टिकवणारी पावडर), त्याहून जास्त नाही; चमच्याने न मापता छोट्या काट्यावर तोलून, कोमट पाण्यात विरघळवून घाला. टिकवण्यासाठी सल्फाइट वापरू नका, रंग उडतो.

कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटलीबद्दलही तुम्ही विचारलंत. दाब ती चांगला सोसते आणि आत वायू झाला तर हाताला कडक लागते, हा मोठा फायदा. पण तिच्यातून हवा हळूहळू आत जाते, रंग तपकिरी पडतो, आणि गरम पाक ओतला तर ती आक्रसते. महिना-दोन महिन्यांत संपणाऱ्या सरबताला ठीक.

काचेच्या बाटलीचं बूच फुगलेलं दिसलं किंवा कडेने फेस आला, तर तिला हिसके देऊ नका. जाड गोणपाट टाकून, बाटलीचं तोंड आपल्यापासून दूर ठेवून, गोणपाटासकट बादलीत न्या. बर्फाच्या पाण्यात चांगली गार होऊ द्या आणि मगच कापडाखालून बूच अगदी हळू सैल करा. आतलं अमृत कोकम टाकून द्या; उकळून आंबलेली चव जात नाही.